साबणाच्या वडीपासून मलमाच्या नळीपर्यंत : आमची वाटचाल

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यातून सुरुवातीला एकच माल निघायचा : खोबरेल, पाम आणि एरंडेल तेलाचा हात धुण्याचा साबण. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली मराठी घरं हे पहिलं गिऱ्हाईक. पोळीभाजीचे डबे करणाऱ्या बायका, दवाखान्यातल्या नर्सेस, म्हणजे दिवसातून पंधरा-वीस वेळा हात धुणारी मंडळी. त्यातल्या इसब असलेल्यांना आमची वडी झोंबायची. (गुजराती शेजारी ज्याला ‘खरजवुं’ म्हणतात, तोच हा इसब. गजकर्ण वेगळं, ते बुरशीनं होतं आणि त्याचं औषधही वेगळं.)

साबण करणाऱ्या कुणालाही जे पहिलं सुचतं तेच आम्ही केलं. कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा अल्क) मोजून कमी घातला आणि न जिरलेलं तेल ५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर नेलं. वडी हाताला मऊ लागली, पण झोंबणं थांबलं नाही. साबण म्हणजे मेदाम्लांचा क्षार. त्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा; ७ म्हणजे मध्यम, खाली आम्ल, वर अल्क) ९ ते १० राहणारच, आणि त्वचेचा असतो ५ च्या आसपास. सायट्रिक ॲसिड टाकून पीएच खाली ओढायला जावं तर साबण फाटतो, मेदाम्लं सुटी होतात, फेस जातो. त्यामुळे ‘पीएच ५.५ चा साबण’ असं वेष्टनावर दिसलं की मागची घटकांची यादी वाचा. एक तर तो साबणच नसतो, नाहीतर आकडा खोटा असतो.

म्हणून सोडियम कोकॉइल आयसेथिओनेटची (खोबरेलातल्या मेदाम्लांपासून केलेल्या सौम्य फेसाळ द्रव्याची) वडी आली. ती दिसते साबणासारखी, पण साबण नाही. पीएच ५.५ ते ७ मध्ये बसतो आणि बोअरच्या जड पाण्यात तिचा साका धरत नाही. साध्या साबणाचं त्या पाण्यातल्या कॅल्शियमशी जमतं आणि चिकट थर कातडीवर, विशेषतः अंगठीखाली, बसून राहतो. नव्या वडीतून वास आणि रंग दोन्ही काढले. तिची खोड एकच : पाणी साचलेल्या साबणदाणीत ठेवली की लगदा होतो. जाळीची साबणदाणी हवीच.

२०२० साली सगळ्यांसारखं आम्हीही सॅनिटायझर केलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानं : १० लिटरसाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ग्लिसरीन १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. ग्लिसरीन पाहून लोक चिकट म्हणून नाक मुरडायचे, पण कातडी सांभाळतं तेच. अल्कोहोल साबणापेक्षा त्वचेतलं तेल कमी ओढतं. मात्र भेगा असतील तर आग होते. हात मळके किंवा तेलकट नसतील तेव्हाच ते वापरावं. सर्वांत वाईट सवय म्हणजे साबणानं धुऊन लगेच वरून सॅनिटायझर.

एवढं करूनही खरं काम धुण्यात नव्हतं, धुतल्यानंतरच्या तीन मिनिटांत होतं. साबण विकणाऱ्यानं हे कबूल करणं जरा जड जातं.

धुताना अंगठ्या काढा. पाणी कोमट घ्या, गरम नको. २० सेकंद चोळा आणि बोटांच्या बेचक्यांतला फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा, कारण इसब बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. टॉवेल घासू नका, टिपा. कातडी किंचित ओलसर असतानाच मलम लावा. ओल हवेत उडून गेली की कातडी आधीपेक्षा कोरडी पडते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका हाताच्या दोन्ही बाजूंना ती पुरते. रात्री दोन्ही हातांना मिळून एक ग्रॅम लावा आणि वर सुती हातमोजे घाला. दिवसा त्याच्या निम्म्यावर भागतं.

लोशनपेक्षा मलम बरं. लोशनमध्ये पाणी असतं, म्हणून ते खराब होऊ नये यासाठी परिरक्षक घालावं लागतं, आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारख्या परिरक्षकांची ॲलर्जी इसबवाल्यांना पुन्हा नव्यानं त्रास देते. आमच्या मलमात पांढरं पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन निम्मं-निम्मं असतं, बस. बडोद्याच्या मे महिन्यात हे मिश्रण पातळ होऊन नळीच्या दुमडीतून गळायला लागलं, तेव्हापासून उन्हाळ्याच्या घाण्यात लिक्विड पॅराफिन कमी करून थोडं मेण घालतो. एक गोष्ट नळीवर ठळक छापली आहे : मलम मुरलेलं कापड झटकन पेटतं. रात्रीचे ते हातमोजे किंवा हात पुसलेला पदर घेऊन गॅसजवळ जाऊ नका. धुतल्यानंतरही मेणचटपणा पूर्ण जात नाही.

भांडी घासताना, चिंच कोळताना, कांदा-लसूण-टोमॅटो चिरताना हातमोजे हवेतच. आत सुती, वर व्हिनाइल. रबराचे नकोत. पंधरा-वीस मिनिटांनी काढा, आणि आत पाणी गेलं तर लगेच. आत कोंडलेल्या घामानं कातडी तितकीच खराब होते.

आमचं मलम इसब बरा करत नाही. सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर तसं लिहिताही येत नाही. पिवळी खपली, पू, गरम सूज दिसली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. औषधाच्या दुकानातून मागून आणलेली स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब नको. दोन दिवस खाज दबते आणि कातडी पातळ होत जाते.

सुरुवातीला ३० ग्रॅमची नळी काढली होती. गिऱ्हाईक ती दोन महिने पुरवायचं आणि ‘गुण नाही’ म्हणायचं. दिवसा आठ वेळा अर्धा ग्रॅम, रात्री एक ग्रॅम, म्हणजे रोजचे पाच ग्रॅम आणि महिन्याचे दीडशे. ती नळी सहा दिवसांत संपायला हवी होती. आता १०० ग्रॅमचीच मिळते, आणि सोबत पर्समध्ये ठेवायला एक रिकामी डबी.