बसली का?

दुपारी कूलरसमोर आडवी झाले होते, डोळा लागणार तेवढ्यात भाचा वही घेऊन हजर. "मावशी, एम्बार्क म्हणजेही जहाजावर चढणं, बोर्ड म्हणजेही तेच. मग दोन शब्द कशाला?"

नागपुरात भर दुपारी जहाजाची चौकशी! इथं झीरो माइलच्या खांबापासून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र काही लवकर लागत नाही. आमची मजल अंबाझरीच्या पायडल बोटीपर्यंत.

तरी उठले, शब्दकोश काढला. एम्बार्कच्या पोटात फ्रेंचांची 'बार्क' आहे, म्हणजे होडी. बोर्ड म्हणजे मुळात फळी, मग जहाजाची कड. बंदरातून प्रवासाला निघणारा तो एम्बार्क होतो. बोर्ड करायला अमुक एक जहाज लागतं, हल्ली विमान किंवा बसही चालते. शिवाय मोठ्या कामाला हात घालायचा तरी एम्बार्कच. बोर्डला ती ऐट नाही. म्हटलं, "आता तू कूलरमध्ये पाणी भरायच्या मोहिमेवर एम्बार्क हो."

तो बादली घेऊन गेला. मराठीत आपण मात्र बसतो. बोटीत बसतो, विमानात बसतो. दाराला लटकून आलेला माणूससुद्धा 'दहाच्या गाडीत बसलो' असंच सांगतो.

आजोळ उमरेडला. इतवारीहून नागभीडकडे छोटी लाइन जायची, अडीच फुटांच्या रुळांवरून. 2019 मध्ये ती बंद झाली. बाबा पोचवायला यायचे. आई पुढे, मी मागे, डब्यात पाय ठेवायला जागा नाही. हातात संत्र्यांची पिशवी, ढोपराला कुणाच्या तरी टोपलीतली कोंबडी टोचतेय. खिडकीबाहेरून बाबांचा आवाज, "बसली का?" मी एका पायावर उभी राहून ओरडायचे, "बसली!" तेवढं ऐकल्याशिवाय ते सायकलचं कुलूप काढत नसत. कधीकधी गाडी हलल्यावरही बाजूनं चालत राहायचे. गाडीला तशी घाई नसायचीच.

"मावशी," स्टुलावर चढून कूलरमध्ये बादली रिकामी करता करता भाच्यानं विचारलं, "आणि उतरायचं असलं की? डिसएम्बार्क का डीबोर्ड?"

अर्धं पाणी फरशीवर आलं होतं.

"तू आधी स्टुलावरून उतर."