चिमूटभर चरबीवर एवढा प्रवास
आज पक्ष्यांचं रिंगिंग (पक्षी कुठून कुठे जातो ते कळावं म्हणून पायात नंबरची कडी घालणं) जवळून बघायला मिळालं, डोकं अजून तिथेच आहे. उजाडायच्या आत झुडपांमध्ये बारीक जाळी लावतात, मिस्ट नेट म्हणतात, मग सारखी फेरी मारायची कारण पक्षी जास्त वेळ लटकला तर त्याचे हाल होतात. रिंगिंग करणाऱ्या मॅडमनी एक वटवट्या (चिमणीहून लहान पक्षी) हातात धरला, मान दोन बोटांच्या मधे, आणि छातीवर हळूच फुंकर मारली तर पिसं बाजूला होऊन पातळ कातडीखाली चक्क पिवळी चरबी दिसली!! हेच त्याचं स्थलांतराचं इंधन. मग पंख मोजला, कापडी पिशवीत घालून वजन केलं, पायात नंबरची रिंग आणि भुर्रर्र. सेल्फी-बिल्फी काही नाही (बरंच झालं).

ही पद्धत डेन्मार्कच्या हान्स मॉर्टेन्सननं १८९९ मध्ये सुरू केली म्हणे. आता पक्षी कुठे आहे ते उपग्रहातून कळवणारे सॅटेलाइट टॅग आलेत, २०२२ मध्ये तसा टॅग लावलेला एक गॉडविट (पाणथळ जागेतला लांब चोचीचा पक्षी) अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता १३,५६० किमी उडाला, पण दहा-बारा ग्रॅमच्या जिवावर तसला टॅग लादणार कसा? आणि सगळेच काही गॉडविट नसतात, बहुतेकांना वाटेत उतरून पोट भरावंच लागतं, ती मधली दलदल आपण पडीक म्हणून बुजवतो, मग दोन्ही टोकांची अभयारण्यं घेऊन काय करायचं.

बाय द वे, छोट्या पक्ष्यांच्या रिंगा परत सापडतात फारच कमी. त्यामुळे रिंगवाला पक्षी मेलेला दिसला तर नंबरचा फोटो काढून पक्षी अभ्यासकांना कळवा प्लीज.