रजिस्टरातील १ जून

खुनाच्या खटल्यात आरोपीचे वय अटक पंचनाम्यातून वैद्यकीय तपासणीच्या अर्जावर, तेथून आरोपपत्रात आणि शेवटी न्यायाधीश आरोपीला पुराव्याविषयी विचारतात त्या जबाबात (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळात कलम ३१३) जसेच्या तसे उतरत जाते, आणि तो आकडा मुळात कोणी कशावरून सांगितला हे कोणी विचारत नाही. माझ्या अशिलाच्या कागदांवर तो आकडा १९ होता. तो त्याने स्वतःच सांगितला होता, कारण चंदगड तालुक्यातून त्याला गोव्याच्या किनाऱ्यावरील हॉटेलात भांडी घासायला आणणाऱ्या ठेकेदाराने ‘कोणी विचारलं तर एकोणीस सांग’ असे बजावून ठेवले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये कामगारांच्या खोलीवर झालेल्या भांडणात एका सहकाऱ्याचा जीव गेला, तिघांना अटक झाली, आणि पोलीस ठाण्यातही त्याने एकोणीसच सांगितले. २०१७ मध्ये तिघांनाही जन्मठेप झाली आणि पुढे अपीलही फेटाळले गेले. या सगळ्या काळात त्याला वकील होता, तोही फी घेणारा. त्या वकिलाने अशिलाला शाळेविषयी एकदा जरी विचारले असते, तर हा मजकूर लिहिण्याची वेळ आली नसती.

घटना २०१४ ची असल्यामुळे तिला बाल न्याय अधिनियम, २००० लागू होतो. त्याच्या कलम १६ नुसार घटनेच्या दिवशी १८ पूर्ण नसलेल्याला जन्मठेप देताच येत नाही. विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. २००६ च्या दुरुस्तीने आलेले कलम ७-अ सांगते की अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडातील फाशीच्या कैद्याला, तो त्या वेळी जेमतेम १२ वर्षांचा होता हे शाळेच्या नोंदीवरून मान्य करून, २८ वर्षांहून अधिक कैदेनंतर मुक्त केले. कायदा इतका उदार असताना माझ्या अशिलासारखे लोक गोव्यातील कोलवाळच्या कारागृहात वर्षानुवर्षे राहतात, कारण दावा कैद्यानेच करायचा असतो आणि असा दावा करता येतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मोफत विधी सेवेच्या पॅनलवरून कारागृहात गेले की मी मुलाखतीत कोणालाही वय विचारत नाही, कारण पाठ केलेला आकडाच ऐकायला मिळतो. कितवीत शाळा सोडली, पाठच्या भावंडांपैकी कोण कितवीत होते, पहिले मतदान कोठे केले, असे विचारते. हा म्हणाला, नववी नापास झालो, दोन वर्षे गावात काढली आणि इकडे आलो. मत कधी दिलेच नाही. बेरीज १८ पर्यंत पोहोचत नव्हती.

दहावीचे प्रमाणपत्र नसेल तर २००७ च्या नियमांतील नियम १२ प्रमाणे पहिल्या शाळेची नोंद ग्राह्य धरतात. ती मिळाली नाही तर पालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर वैद्यकीय मंडळ. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून जन्मनोंदणी अंगवळणी पडलेली असल्यामुळे आमच्या न्यायालयांना जन्मदाखला नसलेला माणूस संशयास्पद वाटतो. घाटावरच्या वाडीत घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद करायला कोणी चालत गेले नसेल, हे समजावून सांगण्यात माझा बराच वेळ जातो.

आमच्या दाव्यावर उच्च न्यायालयाने वयाची चौकशी करून अहवाल देण्यास सत्र न्यायालयाला सांगितले होते. चौकशीच्या दिवशी जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक तिलारी घाटातून एसटीने आले, जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेतील प्रवेशांची नोंदवही, कापडी पिशवीत छातीशी धरून. मी हट्टाने मूळ रजिस्टरच मागवले होते, कारण नव्याने काढलेल्या दाखल्यावर कोणताही सरकारी वकील अर्ध्या तासात शंका उभी करू शकतो. रजिस्टरात मात्र आधीच्या आणि नंतरच्या मुलाच्या मध्ये ती ओळ अडकलेली असते. अनुक्रम सलग असतो, एका दिवसाच्या प्रवेशांचे अक्षर आणि शाई एक असते, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशा दोन रकान्यांत असते. गिरवलेले किंवा खोडलेले काही दिसले, तर तेथेच प्रकरण संपते. ही नोंद स्वच्छ होती: प्रवेश जून २००२, इयत्ता पहिली, जन्मतारीख १ जून १९९६. म्हणजे घटनेच्या दिवशी १७ वर्षे ८ महिने.

सरकारी वकिलांनी पान न्यायाधीशांसमोर धरून दाखवले, की त्या पानावरील बहुतेक मुलांचा जन्म १ जूनचाच आहे. ते खरेच होते. पहिलीत घेताना सहा वर्षे पूर्ण दाखवण्याची तेथे रीत होती, आणि तारीख ठाऊक नसलेल्या प्रत्येक मुलाला गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख देत. यावर माझा युक्तिवाद तयार होता: सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे की नोंद बनावट नसेल, तर तिच्या मागे जाऊन खोदकाम करायचे नाही. मी तो ठामपणे मांडला.

नंतर आईची साक्ष झाली. उलटतपासणीत तिला विचारले गेले, ‘तुमचा मुलगा १ जूनला जन्मला का?’ ती म्हणाली, ‘नाही साहेब, भात कापायच्या दिवसांत झाला.’ सरकारी वकील खाली बसले. तारीख खोटी आहे हे आईच्याच तोंडून वदवून घेतल्यावर त्यांना आणखी काही नको होते. न्यायाधीशांनी मात्र, तसे करण्याची कायद्याने काहीच गरज नसताना, तिला विचारले, ‘कोणत्या वर्षीची कापणी?’ तिला सन सांगता येईना. थोडे थांबून ती म्हणाली, ‘आदल्या दिवाळीत सकाळचं गिऱ्हाण लागलं होतं. माझ्या जावेला चौथा महिना, सासूनं तिला खोलीत बसवलं, विळीला हात लावू दिला नाही. मी मोकळी होते, म्हणून घरातलं सगळं मीच केलं. पुढच्या कापणीला हा झाला.’

दिवाळीतल्या अमावास्येचे ते सूर्यग्रहण २४ ऑक्टोबर १९९५ चे. सरकारी वकिलांनी स्वतःच मोबाईलवर तारीख शोधून न्यायालयाला सांगितली, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पुढची कापणी १९९६ ची, म्हणजे मुलगा रजिस्टरात दाखवला आहे त्याहूनही पाच महिन्यांनी लहान.

अहवाल त्याच्या बाजूने गेला, उच्च न्यायालयाने जन्मठेप निष्प्रभ ठरवली आणि तो सुटला. तीन वर्षांची कमाल मर्यादा केव्हाच उलटून गेली होती. वरच्या वर्षांची भरपाई कोणत्याही कलमात नाही. मृत मुलाचे वडील गदगहून येत असत. त्यांनी एका कारकुनाकरवी मला कन्नडमधून विचारले, की याने काहीच केले नाही असे ठरले का. दोषी असल्याचा निष्कर्ष कायम आहे, फक्त शिक्षा गेली आहे, हे मी त्यांना सांगितले, आणि ते सांगणे माझे कर्तव्यच होते असे मी मानते.

पण माझ्या डोक्यातून ती साक्ष जात नाही, ती जावेमुळे. तिच्या पोटात होता तो माझ्या अशिलाचा चुलतभाऊ, याच खटल्यातील दुसरा आरोपी, अजूनही कोलवाळला. ग्रहणाच्या वेळी चौथा महिना म्हणजे जन्म १९९६ च्या मार्च-एप्रिलमधला, आणि घटनेच्या दिवशी तोही १८ च्या आतच. त्याचे नाव त्याच रजिस्टरात, मागच्या वर्षीच्या पानावर आहे: अंगापिंडाने थोराड म्हणून आजीने त्याला २००१ मध्येच पहिलीत बसवले, आणि गुरुजींनी त्यालाही रीतीप्रमाणे पूर्ण सहा वर्षांचा केला. जन्मतारीख १ जून १९९५. त्या नोंदीतही खाडाखोड नाही. त्याची आई हयात नाही. ज्या नोंदीच्या मागे जाऊ नका असे मी एकासाठी सांगितले, तिच्याच मागे जा असे आता दुसऱ्यासाठी सांगायचे आहे.

मी त्याचा अर्ज तयार करत आहे. सीमारेषेवरच्या प्रकरणात दोन मते संभवत असतील तर अल्पवयीन मानण्याकडे झुकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले आहे. त्यावर आणि काकूच्या शपथेवरील साक्षीवर माझी भिस्त आहे. ग्रामपंचायतीतील १९९६ ची जन्मनोंद शोधण्यासाठी ग्रामसेवकांना पत्र दिले आहे. ती मिळाली तरी नियमांच्या क्रमात शाळेच्या नोंदीनंतरच येते, आणि सुनावणीच्या दिवशी सरकारी वकील माझाच लेखी युक्तिवाद काढून मला वाचून दाखवतील, हे मला ठाऊक आहे.