पिलारच्या टेकडीवरचा रविवार

मार्च लागला, काजूच्या बोंडूंचा वास सुटला की मला गोव्यातलं पिलार आठवतं. आमचं मराठी ख्रिस्ती मंडळ तसं छोटंसंच, कोणी नगरचं, कोणी वसईचं, कोणी सावंतवाडीकडचं, सगळे नोकरीधंद्यापायी वास्को-मडगावला येऊन राहिलेले. एरवी मिस्सा कोंकणीत, ती समजते आणि आवडतेही, पण देवाजवळ मन मोकळं करायचं तर आपलीच भाषा लागते ना. म्हणून वर्षातून एकदा, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एक अख्खा रविवार रिट्रीट, म्हणजे मौन आणि प्रार्थनेसाठी बाजूला काढलेला दिवस.

सकाळी झुआरीचा पूल ओलांडून, आगशी मागे टाकून टेकडीवर पोचायचो. तिथला मठ 1613 सालचा, फ्रान्सिस्कन संन्याशांनी बांधलेला. आधी सगळे फादर आग्नेल यांच्या समाधीपाशी जाऊन दोन मिनिटं उभे राहायचो. हे हणजूणचे, शेवटची वर्षं रायतूरच्या सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक होते, 1927 साली तिथेच वारले. आई म्हणायची, ह्यांनी गुडघ्यावर बसून जेवढं काम केलं तेवढं आपल्याच्याने पायावर उभं राहून होत नाही.

मग मौन. फादरांचं प्रवचन सोडलं तर पेज वाढेपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही. पहिल्या वर्षी मला ते अजिबात जमलं नाही, डोक्यात नुसता बाजार, घरचा गॅस बंद केला का इथपासून सुरुवात. पण दोनेक तास गेले की काहीतरी खाली बसतं, गढूळ पाण्यातली माती बसते तसं, आणि मग झाडातला वारासुद्धा ऐकू यायला लागतो.

रिट्रीट घ्यायला एक जेझुइट फादर यायचे, वसईकडचे. त्यांनी जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियसची गोष्ट सांगितली ती अजून जशीच्या तशी लक्षात आहे. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणाला खिळले, वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या तर घरात होतं फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं बघताना मजा यायची पण नंतर मन कोरडं पडायचं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की नंतरही आनंद टिकून राहायचा. हा फरक त्यांच्या लक्षात आला आणि तिथून विवेकाची, आतल्या हालचाली ओळखायची सुरुवात झाली.

विवेक हा शब्द आमच्यातल्या बऱ्याच जणांना जडच गेला. तेव्हा स्वयंपाकाकडे बसलेल्या नगरच्या काकू पटकन म्हणाल्या, "म्हणजे हे निवडणंच की ओ फादर." त्यांच्या पुढ्यात सूप होतं, सुपात पेजेसाठी उकडा तांदूळ. त्या लाल तांदळात लालसर खडा चटकन दिसत नाही, बोटाने पसरावं लागतं, उजेडाकडे धरावं लागतं, घाई केली की दाताखाली येतोच. फादर थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, आता ह्याच्यावर मी काय सांगू.

रोज रात्रीची पंधरा मिनिटं त्यांनीच लावून दिली. आधी दिवसभराचे आभार, मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा, सकाळपासूनचा दिवस परत डोळ्यासमोरून घालवायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक छोटीशी गोष्ट ठरवायची. एकच, जास्त नाही.

ह्याचा उपयोग मला कुठे झाला ते सांगते. मी शाळेत शिकवते, एका वर्षी वरिष्ठांनी सगळ्यांसमोर असा अपमान केला की त्याच रात्री राजीनामा लिहून काढला. सकाळी द्यायचा, एवढंच बाकी. रात्री वही उघडली तेव्हा फादरांचं सांगणं आठवलं, इग्नेशियसचाच नियम आहे तो, मन उदास, कोरडं असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये, थांबावं, प्रार्थना थोडी वाढवावी. थांबले. महिनाभर ते पत्र वहीत होतं, रोज रात्री समोर ठेवायचे. हळूहळू कळलं की त्यात पोरांबद्दल एक ओळसुद्धा नव्हती, सगळा राग होता. मुलांचा विचार केला की मात्र मन शांत व्हायचं, आणि ती शांती सकाळपर्यंत राहायची. नोकरी सोडली नाही, आणि वरिष्ठांशी सरळ जाऊन बोलले, ते धैर्यही तिथूनच आलं.

दुपारी पेज, सुंगटाची, म्हणजे सुक्या कोळंबीची किसमूर, कैरीचं लोणचं. संध्याकाळी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग, टाळ घेऊन, आणि शेवटी ख्रिस्तपुराणातल्या थोड्या ओव्या. फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, जन्माने इंग्रज, आणि 1616 साली रायतूरला छापलेलं त्यांचं हे पुराण मराठीत, ह्याच मातीत. त्या ओव्या म्हणताना आपण इथे परके आहोत असं कधी वाटलंच नाही.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. ह्या वर्षी पेजेचं काम माझ्याकडे आलंय. काल बाजारातून पाच किलो उकडा आणला, सूप काकूंच्या सुनेने दिलं, आणि मधल्या खोलीतला बल्ब फार मंद आहे म्हणून निवडायला खिडकीपाशी बसणार आहे.