पन्नास रुपयांची किचेन

नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे वर्षातून तीनच दिवस उघडतो: 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. मी 26 जानेवारी गाठली, दीड तास रांगेत उभा राहिलो आणि वीस मिनिटांत बाहेर पडलो. 1817 साली आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने जिथे इंग्रजांशी लढाई दिली, त्या टेकडीवर माझ्या पुढचं कुटुंब पाच वर्षांच्या पोराला सॅल्यूट ठोकायला लावत होतं. पोराला शू लागली होती. फोटो तीनदा घेतला.

खाली बर्डीच्या फुटपाथवर मिलिटरी रंगाचे टी-शर्ट, टोप्या, बिल्ले, सगळा बाजार. तिथे मी ती किचेन घेतली. खाली टोक केलेला खंजीर, दोन्ही बाजूंना पंख आणि आडव्या पट्टीवर ‘बलिदान’. 2019च्या वर्ल्ड कपात धोनीच्या ग्लोव्हजवर होतं आणि आयसीसीने काढायला लावलं, तेच चिन्ह. साठ म्हणाला, पन्नासला दिली. मामेबहिणीचे सासरे फौजेतून रिटायर झालेले, पॅराशूटवाले, एवढं मला माहीत होतं. दुपारी त्यांच्याकडेच जेवायला जायचं होतं. म्हटलं, रिकाम्या हाताने कशाला जा.

मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते. तिथून पुढे कामठीला शेअर ऑटोत चौथा माणूस म्हणून मी बसलो, म्हणजे अर्धा बसलो. छावणी 1821 ची, इंग्रजांनी वसवलेली. आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं केंद्र तिथेच आहे.

जेवणाबद्दल एवढंच सांगतो की पुडाच्या वड्या होत्या आणि त्यात सांबार भरपूर होता. पुणेकरांसाठी: सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. मी सहा खाल्ल्या.

मग मी किचेन काढून काकांच्या हातात ठेवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मला वाटलं, आता खूश होतील. त्यांनी ती सदऱ्याला पुसली आणि परत माझ्या तळहातावर ठेवली.

“हे आपलं नाही ना बापा,” म्हणाले. “हे कमांडोवाल्याइचं हाय. मी पॅरात होतो. कमांडोत नव्हतो.”

मी म्हटलं, एकच ना? कमांडो पॅराशूटनेच उतरतात ना?

“थे उतरते. म्हणून उतरणारा हरेक जण कमांडो होत नाही.”

मला कळेना, आता ही खिशात घालू की टेबलावर ठेवू. ताईने ‘चहा ठेवते’ म्हणून उठून मला वाचवलं. दाजींनी मात्र विषय आणखी खोलात नेला. “अरे, बाबा टांगाइलचे आहेत! 11 डिसेंबर 71!” आणि मोबाइलवर फोटो उघडून दाखवला: विमानांची रांग आणि आकाशभर छत्र्याच छत्र्या.

काकांनी फोटोकडे पाहिलंही नाही. “एकाहत्तरले मी सोळा वर्षाचा होतो. म्हशी चारत होतो. चौऱ्याहत्तरले भरती झालो. याले पन्नास बार सांगून झालं.” मग मोबाइलकडे बोट करून म्हणाले, “आन् थो फोटो आग्र्याचा हाय. प्रॅक्टिसचा.”

दाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण काकांचं खरं होतं. टांगाइलला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, छत्रीने उतरला तो 2 पॅराचा (पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचा) गट, माणसं 700हून थोडी जास्त. पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे परतणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची, हे काम. जगभरच्या वर्तमानपत्रांना मात्र सरावातला, पूर्ण ब्रिगेडच्या उडीचा जुना फोटो मिळाला. बातम्यांत आकडा 5,000 पर्यंत फुगला, आणि त्या फुगलेल्या आकड्याचा धसका ढाक्यात बसायचा तो बसला. 16 डिसेंबरला ढाक्यात आधी शिरलेल्यांत हीच 2 पॅरा होती. 1952 साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली ती पंजाब, मराठा आणि कुमाऊं अशा तीन पलटणी घेऊन, त्यातली मराठा ती ही. एवढं सगळं खरं असताना दाजींना बापाला त्या विमानात बसवायची काय गरज होती, हे मला कळलं नाही. पण मी तरी काय वेगळं केलं होतं? पन्नास रुपयांत त्यांना कमांडो करायला निघालो होतो.

हा घोळ आपल्याकडे सगळ्यांचाच आहे. छत्रीधारी सैनिकांची 50वी ब्रिगेड 1941 साली दिल्लीत उभी राहिली. उडी मारणाऱ्या पहिल्या भारतीयांत लेफ्टनंट रंगराज होते, म्हणजे चक्क एक डॉक्टर. 1944 च्या मार्चमध्ये हीच ब्रिगेड मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांसमोर अडून राहिली, तीही पायदळ म्हणून. तिथे कोणी आकाशातून उतरलं नाही, खंदकात बसून लढले, आणि बरोबर 5व्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण होती. कमांडो त्यानंतर वीसेक वर्षांनी आले. 65च्या युद्धात मेजर मेघसिंगांनी शत्रूच्या मागे घुसायला निवडक माणसं जमवली, ती मेघदूत फोर्स. त्यातून 66 साली 9 पॅरा कमांडो झाली, पुढच्या वर्षी 10 पॅरा. 71 साली जयपूरचे भवानीसिंग याच दहाव्या पलटणीला घेऊन वाळवंटातून पाकिस्तानातल्या छाछरोपर्यंत गेले. त्यांचं काम वेगळं, निवड वेगळी, म्हणून बिल्लाही वेगळा. धोनीनेही 2015 साली आग्र्यात पाच उड्या मारल्या, तेव्हा कुठे त्याला छत्रीचे पंख, म्हणजे उडी मारणाऱ्यांचा बिल्ला, मिळाले.

काकांच्याही पाचच होत्या सुरुवातीला, त्यातली एक रात्रीची. रात्रीची बरी, म्हणाले, खाली दिसत नाही. मग स्वतःच हसले.

“उडी काही नाही,” काका म्हणाले. “हूक तारेले लावला की छत्री आपोआप उघडते. लाल बत्ती, हिरवी बत्ती, मागचा ढकलतेच. खरं काम खालचं हाय.” आणि उठले. काकू आतून ओरडल्या, “काही दाखवू नका हो! परवा संडासातून उठता येत नव्हतं!” तोवर ते ओट्याच्या पायरीवर उभे होते. दोन्ही पाय जोडलेले, घोटे घोट्याला, गुडघे गुडघ्याला, हनुवटी छातीला.

“पाय जोळूनच ठेवा लागते. एक पाय आधी टेकला का मोळला. जमिनीकडे पाहाचं नाही. पाह्यलं का माणूस पाय उचलते.”

पायरी फार तर फूटभर उंचीची. ते उतरले, म्हणजे पडलेच. तळवा, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ, असं एकामागून एक अंग जमिनीला लागत गेलं, गव्हाचं पोतं हळूच कलंडावं तसं. आवाज जवळजवळ झालाच नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस अंगणात आडवा पडून माझ्याकडे बघत होता. “दिसलं?” मी हो म्हटलं. खरं तर मला रडू येत होतं, कशाचं ते सांगता येणार नाही. उठताना मात्र दोघांनी हात द्यावा लागला, आणि काकूंनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निघताना मी गार्ड्सच्या केंद्राचं काहीतरी बोललो तर म्हणाले, “याइचंही ध्यानात ठेवा. टांगाइलच्या दोन दिवस आधी 4 गार्ड्सवाल्याइले हेलिकॉप्टरनं मेघना नदी पार नेलं. छत्री नाही, काही नाही.” स्वतःच्या पलटणीचं कौतुक करायची आयती संधी होती, ती त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

27 तारीख सावजीमुळे पलंगावर गेली. तिखट खाता येतं असं मी सगळ्यांना सांगत असतो. आता सांगणार नाही.

28 ला काका स्टेशनवर आले, संत्र्यांची पिशवी घेऊन. प्रत्येक संत्रं वर्तमानपत्रात वेगळं गुंडाळलेलं, मध्ये गवताचा थर, तोंडाला अशी गाठ की एक टोक ओढलं की सुटावी. ओढून दाखवली, परत बांधली, परत ओढून दाखवली. “वरतून फेकली तरी फुटाची नाही,” म्हणाले.

पुण्यात तीन फुटलेली निघाली. दौंडला झोपेत माझाच पाय लागून पिशवी वरच्या बर्थवरून खाली पडली होती.