तुम्ही विचारलंत म्हणून: एकच कार्ड

अ‍ॅमस्टेलवीनला, म्हणजे नेदरलँड्समध्ये, आमच्याकडे भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी कालव्यातली बोट, दुसऱ्या दिवशी प्रिन्सेनग्राख्त २६३, म्हणजे अ‍ॅन फ्रँक ही ज्यू मुलगी नाझींपासून लपली होती ते घर. आणि त्या रात्री पिठलं-भात वाढता वाढता प्रश्न येतोच: "इतके कामसू, इतके सरळ लोक. मग यांच्या देशात असं कसं झालं हो?"

यातला 'मग' मला टोचतो.

नवा होतो तेव्हा मी ठोकून द्यायचो, "जर्मनांनी केलं, हे बिचारे काय करणार?" वर फेब्रुवारी १९४१च्या संपाची गोष्ट सांगायचो. ज्यूंची धरपकड झाली म्हणून अ‍ॅमस्टरडॅमचे ट्रामवाले, गोदी कामगार काम टाकून रस्त्यावर आले. खोटं नाही त्यात काही. फक्त तो संप दोन दिवसांत मोडला, आणि नंतर सगळे पुन्हा वेळेवर कामावर जाऊ लागले, हे मी गाळायचो. पाहुण्यांना बरं वाटायचं, मलाही. ज्या देशात घर घेतलंय तो चांगला असावा असं कोणाला वाटत नाही?

१९४०मध्ये, जर्मनांनी देश घेतला तेव्हा, इथे सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते. १ लाख ७ हजारांना छावण्यांत नेलं, परत आले जेमतेम ५ हजार. फ्रान्समध्ये चारातला एक मारला गेला, इथे चारातले तीन. जाणकार कारणं देतात: सपाट मुलूख, लपायला डोंगर नाही, कारभार थेट नाझी पक्षाच्या माणसांच्या हाती. मान्य. पण मी पोटासाठी डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे माझी नजर रकान्यावर जाते. इथल्या लोकसंख्या नोंदणीत प्रत्येकाचं कार्ड होतं आणि त्यावर धर्माचा रकाना होता. बऱ्या दिवसांत, कोणाचंही वाईट न चिंतता ठेवलेला. त्या खात्याचा प्रमुख याकोब लेंट्स. युद्धाआधी डच सरकारनं त्याची ओळखपत्राची कल्पना नाकारली होती. जर्मन आले आणि त्यानं ती पूर्ण करून दाखवली: फोटो, बोटांचे ठसे, नक्कल करायला महाकठीण. जर्मनांच्या स्वतःच्या ओळखपत्राहून सरस. काम चोख हवं, एवढाच ध्यास. ज्यूंच्या कार्डावर पुढे 'जे'चा शिक्का बसला.

ज्यूंना आधी जिथे गोळा करत त्या वेस्टरबोर्कच्या छावणीतून त्यांना पुढे नेणारी पहिली गाडी १५ जुलै १९४२ला सुटली, शेवटची सप्टेंबर १९४४मध्ये. रेल्वे डच, बिलं रीतसर लावलेली. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या डच सरकारच्या हाकेवरून रेल्वेवाल्यांनी संप केला, तो ती शेवटची गाडी गेल्यानंतर.

हे सगळं मी वाचून वाचून गोळा केलं, आणि अर्धवट शहाण्याचं होतं तेच माझं झालं. ४ मेची संध्याकाळ. युद्धात गेलेल्यांसाठी आठ वाजता देशभर दोन मिनिटं शांतता पाळतात, तशी आम्हीही शेजारच्या आजोबांकडे टीव्हीसमोर उभं राहून पाळली. ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनीच मला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं होतं. मग कॉफी, सोबत एक बिस्किट (एकच, डबा लगेच बंद). मी सुरू झालो: रकाना, शिक्का, लेंट्स. म्हणालो, "तुमच्या लोकांनी काम जरा वाईट केलं असतं तरी कितीतरी जीव वाचले असते."

आजोबा बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझे वडील नोंदणी कचेरीत कारकून होते." लहान गाव, टेबल एकच. अक्षर इतकं सुरेख की गावातली लग्नपत्रं त्यांच्याकडून लिहून घेत. "आई सांगायची, त्यांनी एका बाईचं कार्ड मुद्दाम चुकीच्या अक्षराखाली सरकवून ठेवलं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही."

माझ्या तोंडून गेलं, "एकच?"

त्यांनी कप उचलले, आत गेले, धुतले. बाहेर येऊन म्हणाले, "चला, उद्या लवकर उठायचंय." तेव्हापासून जिन्यात भेटले की 'खूडमॉर्खन' (सुप्रभात) म्हणतात. कॉफीला बोलावत नाहीत. माफी मागायची कशी हे मला सुचलेलं नाही. मी चूक बोललो असंही मनापासून वाटत नाही. आणि ते एक कार्ड सरकवताना त्या माणसाचा हात किती कापला असेल, याचा मी तेव्हा क्षणभरही विचार केला नव्हता.

डचमध्ये 'युद्धकाळातला बर्गेमेस्टर' असा शब्दप्रयोग आहे: खुर्ची सोडली तर आपल्याहून वाईट माणूस येईल, म्हणून टिकून राहिलेला महापौर. आधी मी त्यावर हसायचो. उलटही घडलं. मार्च १९४३मध्ये काही चित्रकार, शिल्पकार मंडळींनी पोलिसांच्या वेषात शिरून अ‍ॅमस्टरडॅमची नोंदणी कचेरी पेटवली. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी कार्डांवर जरा जास्तच पाणी मारलं. नंतर त्या गटातल्या बाराजणांना गोळ्या घातल्या. सगळी मिळून जळली-भिजली ती कार्डं थोडीच.

आता माझं. मागच्या महिन्यात ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या यादीत राष्ट्रीयत्वाचा रकाना वाढवायला सांगितला. व्हिसाच्या मुदतींवर लक्ष ठेवायला म्हणे, आणि कारण खरंच असेल, माझा स्वतःचा व्हिसाही त्याच यादीवर अवलंबून होता कधी काळी. तरी 'कशाला?' एवढं विचारता आलं असतं. मी जेवणाच्या सुट्टीच्या आत करून दिला. साहेब म्हणाले, "झाला पण?" आणि मला बरं वाटलं.