या नाण्यातला धातू गेला कुठे?

परवा एका ओळखीच्या मुलाने फोटो पाठवला, नाण्याच्या कडेचा अर्धचंद्रासारखा तुकडाच गायब, आणि खाली फक्त "एरर आहे ना?" असं. एरर म्हणजे टाकसाळीतच चुकून बिघडलेलं नाणं. असे फोटो मला बरेच येतात आणि प्रत्येक वेळी मी आधी एकच गोष्ट शोधतो, की हे टाकसाळीतल्या कुठल्या टप्प्यावर होऊ शकेल? टप्पा सापडला तर पुढे बघायचं. नाही सापडला तर ते नाणं बाहेर पडल्यावर त्याच्यावर काहीतरी बेतलेलं असतं, मग ते कितीही विचित्र दिसू दे.

टप्पे तसे थोडेच आहेत. धातूच्या लांब पट्टीतून पंचने गोल चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, मग एका मशीनमधून फिरवून त्यांची कड चारी बाजूंनी जराशी उचलतात, आणि शेवटी कॉलर नावाच्या कड्यात ठेवून वर-खाली दोन डायच्या, म्हणजे आकृती कोरलेल्या ठशांच्या, मधे एकाच दणक्यात छापतात. जे काही खरं एरर असतं ते यातच कुठेतरी झालेलं असतं.

आता त्या तुकड्याचं. पट्टी नीट पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती खाल्लेली निघते, याला क्लिप म्हणतात. खऱ्या क्लिपमधे तुकड्याच्या बरोबर समोर, म्हणजे नाण्याच्या पलीकडच्या टोकाला, कड पुसट असते. ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात त्याला. कड उचलणाऱ्या मशीनमधे चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते, एका बाजूला दाबायला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, इतकं सरळ आहे ते आणि मला अजूनही ते फार सुंदर वाटतं. प्रत्येक खऱ्या क्लिपवर हे ठळक दिसेलच असं नाही, म्हणून तुकड्याजवळची अक्षरंही बघायची. छापताना धातू मोकळ्या जागेकडे वाहतो, त्यामुळे अक्षरं तिकडे ओढल्यासारखी किंवा विरत गेलेली दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यावर अक्षर कसं, मधेच कचकन तुटलेलं, बाकी अगदी ठणठणीत.

ओरखड्याचंही तेच. ओरखडा खोलगट असतो आणि बाजूला सरकलेला धातू कडेला उचललेला असतो. डायला तडा गेला असेल तर धातू त्या तड्यात शिरतो, त्यामुळे नाण्यावर रेघ वर आलेली असते. भिंग तिरकं नको, प्रकाश तिरका हवा, मग वर की खाली ते पटकन कळतं. (सरळ प्रकाशात खोल रेघसुद्धा वर आलेली वाटते, माझंही असं खूपदा झालंय.)

डबल डायबद्दल जरा जास्त लिहितो कारण तिथे मी स्वतः चुकलोय. माझ्याकडे एक नाणं होतं, साल दोनदा छापल्यासारखं, मी ते कित्येक वर्षं वेगळ्या पाकिटात जपलं आणि एका जुन्या संग्राहकाने दहा पट भिंगाखाली धरून दोन मिनिटांत सांगितलं की हे मशीन डबलिंग आहे. मला खूप वाईट वाटलं होतं, पण त्यांनी फरक दाखवला तो आजही उपयोगी पडतो. खऱ्या डबल डायमधे डाय बनवतानाच त्यावर आकृती किंचित सरकून दोनदा उमटलेली असते, म्हणून नाण्यावर दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव असतात आणि टोकांना खाच दिसते. अमेरिकेचा 1955 चा लिंकन सेंट बघा, साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दोन दिसतात. मशीन डबलिंगमधे डाय सैल असतो, छापता छापता हलतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची बाजू चेपतो, त्यामुळे दुसरी आकृती सपाट, पायरीसारखी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. झालेलं असतं टाकसाळीतच, तरी संग्राहक त्याला सहसा वेगळी किंमत देत नाहीत.

उलटी, खोल छापलेली आकृती दिसली तर आधीचं नाणं डायला चिकटून पुढच्या चकतीवर दाबलं गेलं असू शकतं, ते ब्रॉकेज. पण तिथे डाय झाकलेला असतो ना, मग त्याच जागी मूळ आकृती चेपलेल्या अवस्थेत दिसत असेल तर कोणीतरी दोन नाणी पकडीत आवळलीत. कड आत वळून जाड झालीय, व्यास घटलाय, काठाची अक्षरं आत गिळल्यासारखी आहेत, तर ते बहुतेक कपडे वाळवायच्या मशीनमधे अडकून फिरत राहिलेलं नाणं.

वजनकाटा मात्र घ्याच, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. कॉलरशिवाय छापलेलं नाणं पसरून मोठं होतं पण वजन तेवढंच राहतं, ॲसिडने खाल्लेलं नाणं बारीक आणि हलकं होतं. 1943 चा अमेरिकन सेंट पोलादी, साधारण 2.7 ग्रॅमचा, आणि त्यातले चुकून तांब्याचे छापलेले मोजके 3.11 ग्रॅमच्या आसपास. नुसता तांब्याचा मुलामा दिलेला असेल तर लोहचुंबक लगेच चिकटतो.

त्या मुलाला मी समोरच्या कडेचा फोटो मागितला. आला, कड एकदम भक्कम होती, आणि तुकड्याच्या कापावर कानशीच्या बारीक समांतर रेघा. मी सरळ सांगितलं. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला, "बाकीच्या नाण्यांची समोरची कड बघतोय."